नॉर्मल का सिझर?

सातवा महिना लागला आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. माझी उंची चार फूट दहा, त्यामुळे सासूबाईंनी डोहाळजेवणातच सगळ्या बायकांसमोर निकाल लावून टाकला, "हिचं सिझरच होणार बघा." मावशींचं म्हणणं पोट खाली उतरलंय, नॉर्मलच. मी आयटीवाली, मला टक्के हवेत, म्हणून दर व्हिजिटला मॅडमना तेच विचारायचे आणि त्या "कळा सुरू होऊ देत, मग बोलू" म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारायच्या. राग यायचा खरं तर.

म्हणून मग रात्री गूगल. पहिलटकरीण, कमी उंची, वय, वजन, कळा औषधाने आणल्या का, हे सगळं अंदाजात धरतात म्हणे. पण मला हलवून टाकलं ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने, 2019-21 चं, खासगी दवाखान्यात 47.4 टक्के सिझर आणि सरकारीत 14.3. आता दोन्हीकडे जाणाऱ्या बायका वेगळ्या असतात हे मान्य, पण एवढा फरक? माझ्या उंचीपेक्षा दवाखान्याचा पत्ताच जास्त सांगतोय की काय असं वाटलं.

रात्री पावणेदोनला पाण्याची पिशवी फुटली. गेलो तेव्हा गर्भपिशवीचं तोंड 3 सेंमी उघडलेलं. सकाळी सिस्टरने एक तक्ता लावला, पार्टोग्राफ, दर चार तासांनी पीव्ही, म्हणजे आतून तपासणी, करून तोंड किती उघडलं त्याची त्यावर एक फुली, मधेमधे बाळाचे ठोके, दहा मिनिटांत कळा किती. त्यात दोन तिरप्या रेघा असतात, त्या 1972 मध्ये फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी ऱ्होडेशियात, म्हणजे आताच्या झिंबाब्वेत, आणल्या, खेड्यातल्या दाईला कळावं की बाईला मोठ्या दवाखान्यात कधी हलवायचं. हिशोब तासाला 1 सेंमी तोंड उघडण्याचा. माझी 5 सेंमीची फुली पहिल्या रेघेच्या उजवीकडे गेली, म्हणजे वेग कमी, आणि नवऱ्याचा चेहराच उतरला. मॅडम म्हणाल्या, "अहो, तासाला एक हे सगळ्यांना लागू नाही, जागतिक आरोग्य संघटनेनेच 2018 मध्ये सांगितलंय, खरी प्रसूती पाचच्या पुढे धरायची. बाळाचे ठोके छान आहेत, थांबू."

थांबलो. दुपारी तीनला 7. मी मनात बारशाची यादी करायला लागले होते. मग कळांचं सलाईन लावलं, कळा अशा की कॉटचा दांडा सोडवेना, आणि सात वाजता पुन्हा तपासलं तर तेच 7. वर बाळाचं तोंड पुढच्या बाजूला, माझ्या पोटाकडे, त्यामुळे डोकं नीट खाली बसतच नव्हतं. सिस्टरने आधीच्या फुलीच्या सरळ रेषेत दुसरी फुली मारली, मी पाहिली ती.

मॅडम हातमोजे काढत म्हणाल्या, "आता विचार तुझे टक्के."

विचारायला श्वास कुठे होता. सही केली ती पण वाकडीतिकडी.

मुलगी झाली, 2 किलो 700 ग्रॅम. मॅडमनी बाहेर येऊन सासूबाईंना नीट समजावलं की डोकं चुकीच्या बाजूने फिरलं होतं, उंचीचा यात काही संबंध नाही. त्यांनी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू घेऊन काकू आल्या तर सासूबाई कॉटशेजारी बसून त्यांना सांगत होत्या, "मी म्हटलंच होतं, उंची!"