दादाच्या चौथऱ्यावर मी का येत नाही

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. एरवी हे कागदावर उतरवण्याची इच्छा मला कधीच नव्हती. दरवर्षी ऑगस्ट उजाडला की युवक मंडळाची मुले निमंत्रणपत्रिका घेऊन दारात येतात, "बाई, यंदा तरी या," म्हणतात, आणि मी त्यांना चहा पाजून परत पाठवते. मग गावात, नातेवाइकांत, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांत तोच प्रश्न फिरत राहतो. या बाई दिल्लीला गेल्या की राष्ट्रीय युद्धस्मारकापुढे हात जोडतात, पुण्याला गेल्या की खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत दुपार घालवतात, 1918 साली मेसोपोटेमियात शर्कतला 114व्या मराठा पलटणीने काय केले ते वर्गात तासभर सांगत असत. मग स्वतःच्या भावाच्या चौथऱ्यावर पंधरा ऑगस्टला फूल वाहायला यांना काय होते? कोणाला यात शिष्टपणा दिसतो. कोणी म्हणते, फलकावर कन्नड वर आणि मराठी खाली आली म्हणून बाई रुसल्या. शिष्टपणाचा आरोप मी पुरता नाकारणार नाही. भाषेचा मात्र साफ नाकारते. वर कोणती ओळ असावी यावर मंडळाने आणि पंचायतीने जे महिने घालवले, त्यांत मी एक शब्दही बोलले नव्हते. मी बोलले ते दुसऱ्याच एका शब्दाबद्दल.

दादा कसा होता, भरतीला कसा पळाला, पहिल्या सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या काळ्या ट्रंकेत काय काय होते, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तो 1996 च्या पावसाळ्यात गेला, हेही ठाऊक आहे. पण तो सीमेवर गेला नाही. त्याची पलटण तेव्हा शांततेच्या ठिकाणी होती, आणि रेशन आणायला निघालेली गाडी घाटात उलटली. सैन्याच्या कागदावर अशा मृत्यूला 'फिजिकल कॅज्युअल्टी' म्हणतात. शत्रूशी लढताना किंवा सियाचेनसारख्या ठिकाणी मोहिमेवर असताना आलेला मृत्यू तेवढा 'बॅटल कॅज्युअल्टी' ठरतो. हा फरक केवळ शब्दांचा नाही. विधवेला मिळणारे निवृत्तिवेतन त्यावरून ठरते आणि दिल्लीच्या स्मारकावर नाव येणार की नाही हेही त्यावरूनच ठरते. दादाचे लग्न झाले नव्हते, त्यामुळे पैशांचा प्रश्न फारसा उद्भवला नाही. शब्दाचा उद्भवला.

1999 च्या उन्हाळ्यात कारगिलचे युद्ध झाले आणि आपल्याकडच्या प्रत्येक गावाला आपापला सैनिक आठवला. त्या ज्वरात खोटेपणा होता असे मी म्हणणार नाही; भरतीच्या मैदानावर पोरे पाठवणाऱ्या या पट्ट्याला ते दुःख परके नव्हतेच. पुढच्या वर्षी मंडळाने बसथांब्याजवळ चौथरा बांधायचे ठरवले आणि बेळगावातून संगमरवरी फलक कोरून आणला. पंधरा ऑगस्टच्या आठ दिवस आधी देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. फलक खांबाला टेकवून ठेवला होता, वर गुलालाचे बोट लावले होते, आणि दादाच्या नावाखाली कोरले होते: 'कारगिल युद्धात शहीद'.

आपल्या भागात शब्दाची निवड सोपी नसते, हे मला तेव्हाही कळत होते. 'हुतात्मा' म्हटले की आपल्या बेळगाव सीमाभागाला सतरा जानेवारी आठवते, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातला 1956 चा गोळीबार आठवतो, एक जूनला सीमालढ्यात गेलेल्यांच्या हिंडलग्याच्या स्मारकावर जमणारी माणसे आठवतात. तो शब्द या मातीत आधीच कोणाचा तरी झालेला आहे. म्हणून मुलांनी 'शहीद' घेतला असणार. हा शब्द सैन्यात वापरला जात नाही असे सरकारने पुढे संसदेतही सांगितले, पण माझा आक्षेप तेवढा बारीक नव्हता. दादा कारगिलच्या तीन वर्षे आधी गेला होता. मी उठून उभी राहिले आणि वर्गात शुद्धलेखन सुधारावे तशा आवाजात सांगितले की, हे खरे नाही, तो लढाईत गेला नाही, गाडी उलटून गेला, माझ्या घरी पलटणीचे पत्र आहे आणि हवे तर मी ते वाचून दाखवते.

आई मंडपाबाहेर, पायरीशी बसली होती. मला ते माहीत होते. अनेक वर्षे मी स्वतःला सांगत आले की माहीत नव्हते, पण मंडपात शिरताना तिच्या चपला ओलांडूनच मी आत गेले होते.

कोणी वाद घातला नाही, आणि तेच वाईट झाले. मंडळाचा अध्यक्ष, दादाचाच वर्गमित्र, खाली मान घालून म्हणाला, "बरं बाई, बदलतो." दुसऱ्या दिवशी गवंड्याने त्या तीन शब्दांच्या खाचा पांढऱ्या सिमेंटने भरल्या. वर नाव, खाली पलटण, जन्म आणि मृत्यूच्या तारखा राहिल्या. मध्ये बोटभर रुंदीची एक खरखरीत पट्टी. त्या रात्री आईने भाकरी वाढली, स्वतः जेवली नाही, आणि ताट उचलताना एवढेच म्हणाली, "पत्र माझ्याकडं पण हाय की. सभेत कशाला बोललीस गे?"

मी उत्तर दिले. तिला उत्तर नको होते, तरी दिले. खोट्या फलकाने दादाचा मान वाढत नाही, उलट खऱ्या कारगिलमध्ये गेलेल्यांचा कमी होतो, तिथे पाचशेहून अधिक जवान गेले, त्यांच्या आयांना काय वाटेल, असे मी बरेच बोलले. त्यातले एकही वाक्य आजसुद्धा मला चुकीचे वाटत नाही. आणि तरीही तेव्हाची मी आज समोर आली तर तिला मी हाताला धरून खाली बसवीन आणि विचारीन, हे अध्यक्षाला घरी बोलावून चार माणसांत सांगता आले नसते का? ती म्हणेल, फलक उद्या बसणार होता, वेळ कुठे होता. आठ दिवस होते, बाई.

देवळाच्या मागे जो वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्याच्या स्मरणाचा कोरीव दगड, आहे त्याला आई दर अमावास्येला तेल घालायची. तुम्ही तो पाहिला आहे, पण तेलाच्या थरामुळे खालचा भाग दिसत नाही. मी एकदा धुऊन पाहिला. तळाच्या चौकटीत लढणारा माणूस आहे आणि त्याच्या बाजूला गाई आहेत, म्हणजे तो गुरे वाचवताना मेलेला. त्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. राज्यासाठी मेलेला आणि गावच्या गुरांसाठी मेलेला, दोघांनाही तोच चंद्रसूर्य देणारे लोक होते आपले. (जाता जाता सांगते, या मराठी शब्दातला 'गळ' हा कन्नड 'कल्लु', म्हणजे दगड. कोणती भाषा वर, यावर भांडणाऱ्यांनी एकदा देवळामागे फेरी मारावी.) आईला यातले काही वाचता येत नव्हते. चौथरा झाल्यावर तेलाची वाटी घेऊन ती दर अमावास्येला आधी देवळामागे आणि मग बसथांब्यावर जाऊ लागली, 2011 मध्ये जाईपर्यंत. मी तिला कधी सोबत केली नाही.

खडकीला मी पहिल्यांदा गेले ती 2014 मध्ये. राष्ट्रकुलाची ही स्मारके सांभाळणाऱ्या आयोगाचा नियम मला तिथे कळला: महायुद्धाच्या ठरवून दिलेल्या काळात सेवेत असताना माणूस गेला, तर तो गोळीने गेला, तापाने गेला की गाडी उलटून गेला, हे पाहिले जात नाही, सगळ्यांना सारखीच स्मृती, आणि हुद्दा मोठा म्हणून दगड मोठा नाही. दुपारच्या उन्हात त्या सारख्या उंचीच्या रांगांमधून चालताना मला हायसे वाटण्याऐवजी आईचा राग आला, की ही तीन वर्षे आधी गेली आणि आता हे सांगायला कोणी उरले नाही. हा अन्याय आहे हे मला कळते. तो राग मात्र खरा होता.

आता दिल्ली. तुमचा सगळा आक्षेप दिल्लीवर आहे. तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर ग्रॅनाइटमध्ये सोनेरी अक्षरांत पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत, आणि दादाचे नाव त्यांत नाही, असू शकत नाही, हे मला गाडीत बसण्याआधीच ठाऊक होते. तरी मी मराठा लाइट इन्फन्ट्रीची नावे शोधत चालले. एका ठिकाणी दादाचेच नाव सापडले, आडनाव वेगळे. त्या परक्या माणसापुढे मी बराच वेळ उभी राहिले; मागच्या कुटुंबाला वाटले माझेच कोणी असावे, त्यांनी मला फोटोसाठी जागा करून दिली आणि मी ती घेतली. म्हणजे जो शब्द मी गावाला वापरू दिला नाही, तोच मी तिथे गुपचूप उसना घेतला. हे कबूल करायला मला लाज वाटते, पण तुम्हाला खरे कारण हवे होते. दिल्लीत मला कोणी ओळखत नाही. बसथांब्यावर ती सिमेंटची पट्टी मला ओळखते, आणि ती पट्टी का आहे हे गावातल्या प्रत्येक पन्नाशीच्या माणसाला ठाऊक आहे.

तुम्ही म्हणाल, मग त्या दिवशी येऊन माफी मागा. कोणाची मागू? मुलांना मी खोटे सांगितले नव्हते. जिच्याजवळ मागायची ती आई देवळाच्या पायरीवर आता बसत नाही. आणि मंचावर बसवून 'वीरभगिनी' म्हणून शाल घालणार असाल, तर तोही शब्द तपासून घ्यावा लागेल. पाहा, मी अजून सुधारलेली नाही.

यंदाच्या जुलैत फार पाऊस झाला. परवा पत्रिका द्यायला आलेल्या मुलाने सांगितले की पट्टीतले सिमेंट निघाले आहे, आतला 'शहीद' पुन्हा वाचता येतो. कार्यक्रमाच्या आधी भरून घेऊ का? त्याचा जन्म त्या बैठकीनंतरचा, त्याने सहज विचारले. मी म्हटले, ओल्यात सिमेंट धरत नाही, पाऊस उघडू दे. मग चहा केला.