टाकी अर्धा इंच वर

बाल्सा लाकडाचं, रेडिओवर उडवायचं छोटं विमान तयार होऊन भिंतीला टेकलेलं, आणि मी महिनाभर इंजिनाचा घोळ घालत बसलेलो. ४६ चं टू-स्ट्रोक, म्हणजे ०.४६ घन इंच, साधारण ७.५ सीसी, हलकं आणि स्वस्त. पण ११×६ चा पंखा (व्यास ११ इंच, एका फेरीत पुढची झेप ६ इंच) किंचाळत फिरवतं. ७० चं फोर-स्ट्रोक ११.५ सीसीचं. १३×६ चा पंखा सावकाश ओढतं, उभ्या चढणीत दम टिकतो. शिवाय तो घुमणारा आवाज! घेतलं.

नाक जड झालं, म्हणून बॅटरी मागे सरकवली. इंधनाची टाकी मात्र टू-स्ट्रोकसाठी आखलेल्या जागीच राहू दिली. आळस, दुसरं काय.

पहिल्याच उड्डाणात विमान उलटं केलं आणि चार सेकंदांत इंजिन गप्प. कसंबसं ज्वारीत उतरवलं. या इंजिनाचा कार्बोरेटर खाली असतो, त्यामुळे टाकी अर्धा इंच उंच पडत होती. सुलट असताना इंधन जास्त जायचं, म्हणून मी सुई, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू, आवळली होती. उलटं झाल्यावर टाकी कार्बोरेटरच्या खाली गेली आणि इंजिन उपाशी मेलं.

टाकीखालचा फोम कापला, तिची मधली रेघ सुईच्या पातळीला आणली. सुई परत लावली, नाक आभाळाकडे धरून फुल थ्रॉटल दिला. आवाज पडला नाही.

लँडिंग गिअरमध्ये ज्वारीची पानं अजून अडकलेली आहेत.