पडदा जाड घेतलात, पण कडांचं काय?

थर्मल पडदे, इन्सुलेटेड ब्लाइंड्स वगैरे शोधायला लागलं की सगळ्यात आधी डोळ्यात भरते ती कापडाची जाडी. तीन लेयर, चार लेयर, इतके जीएसएम (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), तितके जीएसएम. माझं मत असं झालंय की जाडी ही या सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे. आधी हे ठरवायला पाहिजे की तुमच्या खिडकीचं दुखणं ऊन आहे की थंडी, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि विकणारे मात्र एकच पडदा दोन्हींवर खपवतात.

थोडं गणित करू, फार नाही. समजा खिडकीची काच 1.2 मीटर बाय 1.5 मीटर आहे, म्हणजे 1.8 चौरस मीटर, आणि काच एकेरी साधी. अशा काचेतून दर चौरस मीटरमागे, आतबाहेरच्या तापमानातल्या प्रत्येक अंशाला साधारण 5.8 वॅट उष्णता पास होते. बाहेर थंडी आहे आणि फरक 15 अंशांचा आहे तर झाले साधारण 157 वॅट. म्हणजे रात्रभर एक छोटासा हीटर आपण बाहेरच्या हवेसाठी चालवतोय. आता तीच खिडकी पश्चिमेची धरा, दुपार उलटून ऊन सरळ काचेवर, चौरस मीटरला 600 वॅट पकडले (कडक उन्हात हे सहज होतं) तर त्यातला 80-85 टक्के भाग साध्या काचेतून आरामात आत येतो. म्हणजे जवळपास 900 वॅट! एक टनाचा एसी साधारण 3500 वॅट उष्णता बाहेर काढू शकतो, त्यातला पाव भाग या एका खिडकीने खाल्ला.

तर उन्हाळ्यात खरा खेळ उन्हाचा. बाहेरची गरम हवा काचेतून जी उष्णता देते ती त्यामानाने किरकोळ. म्हणून उन्हाच्या खिडकीला गोधडीसारखा जाड पडदा लावून फार काही साधत नाही, तिथे रंग आणि जागा महत्त्वाची. ऊन एकदा काचेतून आत आलं आणि गडद पडद्यावर पडलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते, कारण तापलेल्या कापडातून निघणारी उष्णता काचेतून तशीच परत बाहेर जात नाही. दुपारी काचेकडच्या बाजूने पडद्याला हात लावून बघा, विश्वास बसेल. म्हणून काचेकडे तोंड करणारी बाजू पांढरी किंवा चकचकीत पाहिजे, खोलीकडचा रंग मग आवडेल तो घ्या. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचे आकडे आहेत: मध्यम रंगाचा पडदा आणि मागे पांढरं प्लास्टिकचं अस्तर असेल तर उन्हाची उष्णता 33 टक्क्यांनी कमी होते, आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून ऑनिंग, म्हणजे सावलीचं पुढे आलेलं छत, लावलं तर 77 टक्क्यांपर्यंत. फरक बघा केवढा आहे. ऊन काचेच्या बाहेरच अडवलं की काम निम्म्याहून जास्त झालं, त्यामुळे बाहेर काही लावायची सोय आणि परवानगी असेल तर आतल्या महागड्या पडद्याच्या नादी लागायच्या आधी तिकडे बघा. बाहेर शक्य नसेल तर मग पांढरं अस्तर, आणि ऊन खिडकीवर यायच्या आधीच पडदा बंद. खोली तापल्यावर बंद करून उपयोग नाही, भिंती आणि फरशी उष्णता पिऊन बसलेल्या असतात.

थंडीचा मामला वेगळा. तिथे ऊन नाही, तिथे हवा आहे. खोलीतली गरम हवा वर चढते, पडद्याच्या वरच्या फटीतून मागे जाते, काचेला लागून गार होते आणि जड होऊन खालच्या कडेने पायांवर येऊन पडते. हे चक्र रात्रभर चालू. खिडक्यादारं सगळी बंद असून पायाला गार वारा कुठून लागतो असं वाटतं ना, तो पुष्कळदा हाच. टिश्यू पेपरची बारीक पट्टी फाडून पडद्याच्या खालच्या कडेशी धरा, एसी आणि पंखा बंद ठेवून. पट्टी खोलीच्या बाजूला हलत राहिली की समजा पडद्यामागून वाहतूक सुरू आहे. असा वरून उघडा पडदा म्हणजे झाकण न लावलेला थर्मास, त्याचं कापड कितीही भारी असो.

मग करायचं काय, तर कडा बंद करायच्या. वरून पेल्मेट, म्हणजे रॉडवर लाकडाची किंवा प्लायची बंद पेटी, तिला वरती झाकण हवं, नुसती पुढची फळी शोभेची. पेल्मेट नको असेल तर छताला लागून रॉड लावा. बाजूंना पडदा भिंतीपर्यंत वळवून वेल्क्रोने नाहीतर मॅग्नेटच्या पट्टीने चिकटवा. खालून पडदा खिडकीच्या कठड्यावर किंवा फरशीवर टेकलेला हवा, चार बोटं वर तरंगणारा नको. यातलं बरंचसं घरच्या घरी होतं आणि नवीन पडदा घ्यावा लागत नाही, हे मला सगळ्यात आवडलं. पण चौकटीतूनच वारा शिरत असेल तर आधी तिथे रबराची पट्टी नाहीतर सिलिकॉन. पडदा हे त्यावरचं औषध नाही.

विकत घ्यायचंच असेल तर हनीकॉम्ब ब्लाइंड्स, ज्यांना सेल्युलर शेड म्हणतात, ते खरंच चांगले. कापडाच्या कप्प्यांमध्ये हवा अडकून बसते आणि न हलणारी हवा हीच इन्सुलेशन. चौकटीच्या आत घट्ट बसवले तर थंडीत खिडकीतून जाणारी उष्णता 40 टक्के किंवा जास्त वाचते असं अमेरिकेचं तेच ऊर्जा खातं सांगतं. पण पुढचं वाक्य जाहिरातवाले गाळतात, ते म्हणजे एकूण हीटिंगच्या खर्चात त्याचे साधारण 10 टक्के होतात. जाहिरातीत 40, बिलात 10. दहा टक्केही काही वाईट नाहीत, पण अपेक्षा तेवढीच ठेवा आणि सगळ्या घराला एकदम लावत बसू नका, सगळ्यात त्रासदायक खिडकी आधी. काच आधीच डबल असेल तर फायदा अजून कमी.

भाड्याच्या घरात असाल तर बबल रॅप. काचेवर पाणी फवारायचं आणि बुडबुड्यांची बाजू काचेकडे करून दाबायचं, चिकटून बसतो. दिसायला यथातथाच पण उजेड येतो, आणि घर सोडताना ओढला की निघतो.

अजून एक, तेच खातं म्हणतं की घरातले 75 टक्के पडदे रोज जसेच्या तसे असतात, कोणी हलवतच नाही. यात माझ्या घरच्यांचा वाटा मोठा आहे! थंडीत दिवसा उन्हाच्या खिडकीचा पडदा सताड उघडा हवा, फुकटचं हीटिंग आहे ते, आणि सूर्य मावळला की लगेच बंद. हे रोज नाही केलं तर वरचे सगळे आकडे कागदावरच.

तोटे पण सांगतो. थंडीत पडद्यामागची काच जास्त गार पडते कारण खोलीची ऊब तिच्यापर्यंत पोचत नाही, मग सकाळी काचेवर पाणी जमतं आणि लाकडी चौकट असेल तर बुरशी धरते. सकाळी पडदा उघडा आणि पुसून घ्या. फडकं खिडकीपाशीच ठेवलं तर होतं, नाहीतर राहतंच. टिंटेड किंवा आत तारेची जाळी असलेल्या काचेला उन्हाच्या बाजूने काहीही अगदी चिकटवून लावू नका, काच मध्ये तापते, कडेला गार राहते आणि तडकू शकते. लहान मुलं असतील तर लोंबत्या दोऱ्यांचे ब्लाइंड्स घ्यायचेच नाहीत, त्या दोऱ्या गळ्यात अडकून मुलं दगावल्याच्या घटना झालेल्या आहेत, बिनदोरीचे मिळतात.

आणि माप घेताना चौकटीची रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी मोजा, चौकट सरळ असतेच असं नाही. आत बसवायचं असेल तर सगळ्यात कमी आलेलं माप द्या, नाहीतर ब्लाइंड मध्येच अडकतो आणि मग त्याला कापत बसावं लागतं.