आवारातली शेड

जुन्या शिक्षणसंस्थेच्या आवारात मुख्य इमारतीच्या पाठीमागे हमखास एक अशी वास्तू असते, की तिच्यावर नावाची पाटी नसते आणि ती मुळात कशासाठी बांधली होती हे शिपायाला ठाऊक असते, प्राचार्यांना नसते. पॅरिसमध्ये रू लोमाँ या रस्त्यावर, १८८२ साली स्थापन झालेल्या भौतिकी व रसायनशास्त्राच्या नगरपालिका शाळेच्या आवारात असलेली शेड याच कुळातली होती. वैद्यक विद्याशाखेचे लोक पूर्वी तिथे शवविच्छेदन करीत असत. त्यांनी ती सोडून दिल्यावर तिच्यावर हक्क सांगणारे कोणी उरले नाही, म्हणूनच ती पिएर आणि मारी क्युरी यांच्या वाट्याला आली.

पिएर या शाळेत शिकवीत असत. पोलोनियम आणि रेडियम ही दोन मूलद्रव्ये अस्तित्वात असल्याचे या दांपत्याने १८९८ मध्येच जाहीर केले होते. परंतु रेडियम वेगळे काढून दाखवायचे, तर टनावारी खनिज उकळावे लागणार होते आणि त्यासाठी आधीची कोंदट खोली पुरेशी नव्हती. बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) योआखिमस्टालच्या खाणीतून खनिजाची पोती आली, तीही तपकिरी चोथ्यात पाइनच्या सुया मिसळलेली. विषारी वाफा बाहेर नेणारे धुराडे शेडमध्ये नसल्यामुळे बरेचसे काम अंगणात चाले आणि पाऊस आला की सारा पसारा आत ओढून खिडक्या उघड्या ठेवाव्या लागत. आत तरी काय, काचेचे छप्पर गळतच होते! एका वेळी वीस किलो माल घेऊन, जवळजवळ आपल्याच उंचीच्या लोखंडी सळईने तो ढवळत मारी दिवस काढीत.

ही जागा पाहून रसायनशास्त्रज्ञ ओस्टवाल्ड यांना गोठा आणि बटाट्याचे तळघर यांची एकत्र आठवण झाली होती. मराठीत तरी तिला काय म्हणावे? पडवी म्हणावी तर तिला लागून घर हवे, गोठा म्हणावा तर गुरे हवीत. अखेरीस आपला ‘शेड’ हाच शब्द प्रामाणिक वाटतो.

अशा दारिद्र्याचे कौतुक करण्याची आपल्याला भारी हौस असते. जणू छप्पर गळके असल्यामुळेच शोध लागला. खुद्द मारींचे मत तसे नव्हते. आयुष्यातली सर्वांत सुखाची वर्षे आपण याच शेडमध्ये घालवली, असे त्यांनी लिहिले खरे. पण पैसा, प्रयोगशाळा आणि मदतनीस यांपैकी काहीच हाती नव्हते, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे नोंदवले. १९०२ साली एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड हाती आले, तोवर चार वर्षे उलटून गेली होती. रात्री दोघे पुन्हा शेडमध्ये जात आणि अंधारात मंद उजळलेल्या नळ्या पाहत बसत.

पुढे शेड पाडायचे ठरले, तेव्हा पिएर हयात नव्हते. मारी एकदा तिथे जाऊन आल्या. फळ्यावर पिएर यांच्या हातची अक्षरे अजून पुसलेली नव्हती.