तुम्ही विचारलंत म्हणून: निगडीत बसून इंग्लंडमधलं घर गरम करता येतं का?

भारतात गेले की हा प्रश्न ठरलेला. कुणीतरी माझ्या मोबाईलवर हीटिंगचं ॲप बघतं आणि विचारतं, "म्हणजे इथून बटण दाबलं की तिकडे घर गरम?" इंग्लंडमध्ये नव्यानं आलेली मराठी मंडळी त्याच्या पुढचं विचारतात: "स्मार्ट थर्मोस्टॅट घेऊ का? बिल कमी येतं का?" दोघांनाही माझं उत्तर एकच. हो, करता येतं. पण लांबून चालवता येणं हा त्यातला सगळ्यात कमी कामाचा भाग.

इथल्या बहुतेक घरांत गॅसचा बॉयलर असतो. त्यात तापलेलं पाणी पाईपांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये, म्हणजे भिंतीलगतच्या लोखंडी तावदानात, फिरून परत येतं. खोली हवी तेवढी गरम झाली की बॉयलरला "थांब" सांगायचं, एवढंच थर्मोस्टॅटचं काम. मी निगडीत बसून ॲपवर 19 अंश केले, की निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथून आमच्या राउटरला, राउटरशेजारच्या छोट्या डबीला, आणि तिथून बिनतारी बॉयलरजवळच्या रिसीव्हरला. रिसीव्हर टक् करतो, बॉयलर पेटतो. घरचं इंटरनेट गेलं तर मोबाईल बिनकामाचा. पण थर्मोस्टॅटची भिंतीवरची चकती आणि लावून ठेवलेलं वेळापत्रक चालू राहायला हवं. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा.

लांबून चालवण्याचा खरा उपयोग आम्हाला हिवाळ्यात भारतात जाताना होतो. घर रिकामं असताना हीटिंग पूर्ण बंद करायचं नसतं. पाईपातलं पाणी गोठलं तर पाईप फुटतो, आणि अनेक विमा पॉलिसींत घर किमान तापमानाला ठेवायची अट असते. आम्ही 12 वर ठेवून जातो. येताना हीथ्रोवर बॅगांची वाट बघत बटण दाबून काही होत नाही, कारण हवा तापली तरी थंडगार भिंती तासन् तास ऊब खात राहतात. मुंबईला विमानात चढण्याआधीच दाबावं. आणि घाई म्हणून 25 वर टाकू नका. घर लवकर तापत नाही, फक्त नको तितकं तापतं.

बिलाचं म्हणाल, तर ते घरात कोण किती वेळ असतं यावर आहे. दोघंही ऑफिसला, मुलं शाळेत, आणि हीटिंग दिवसभर चालू, अशा घरात फरक पडतो. आजी-आजोबा, तान्हं बाळ किंवा घरून काम करणारं कुणी असेल, तर यंत्र वाचवणार तरी काय?

आमच्याकडे थर्मोस्टॅटपेक्षा जास्त उपयोग झाला रेडिएटरवरच्या स्मार्ट व्हॉल्व्हचा. इथे थर्मोस्टॅट बऱ्याचदा पॅसेजमध्ये असतो. हॉलचं दार लावून बसलं की हॉलची भट्टी होते आणि पॅसेज गारच, म्हणून बॉयलर थांबायचं नाव घेत नाही. व्हॉल्व्ह लावले की प्रत्येक खोली आपापलं सांगते. पाहुण्यांची खोली रिकामी असेल तर 15 पुरे. त्याहून खाली नेऊन दार बंद ठेवलं की इथल्या ओलीनं कोपऱ्यात बुरशी धरते. या व्हॉल्व्हमध्ये सेलवर चालणारी बारीक मोटर असते, ती पहाटे घर्र करते. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा पहाटेच दारात उभ्या: "अगं, त्या लोखंडात उंदीर शिरलाय."

सासूबाई निफाडच्या. तिथे पारा सहावर गेलेला त्यांनी पाहिलाय, त्यामुळे थंडीचं कौतुक त्यांना सांगायचं नाही. पण निफाडला दहा वाजता उन्हात बसता येतं. इथे जानेवारीत चारलाच अंधारून येतं. आणि ॲप नवऱ्याच्याही मोबाईलवर. तो ऑफिसात बसून 21 चे 18 करायचा, सासूबाई घरात शाल ओढून "आता कसं गार वाटायला लागलं" म्हणत बसायच्या. बटण घरात नसलेल्या माणसाकडे आणि थंडी घरातल्या माणसाला, हे मला अजिबात पटत नाही. आता दिवसा भिंतीवरच्या चकतीचा शब्द शेवटचा, आणि चकती त्यांच्या हाताला येईल अशा उंचीवर. मोबाईलशिवाय चालत नाही असं हीटिंग वडीलधाऱ्यांच्या घरात बसवू नये.

फुकटात होणारी एक गोष्ट कुणी विचारत नाही. बॉयलरमधून निघणारं पाणी किती तापवायचं हेही ठरवता येतं, आणि बरेच बॉयलर 70-80 अंशांवर लावलेले असतात. कंडेन्सिंग बॉयलर धुराच्या वाफेतली उष्णता परत मिळवतो, पण रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण 55 च्या खाली असेल तरच. काँबी बॉयलर (टाकी नसलेला, नळाचं पाणी लागेल तसं तापवणारा) असेल तर हीटिंगचं पाणी 60 वर आणून बघा. खोली सावकाश तापेल, पण तापेल. गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर मात्र इंजिनिअरला विचारून; टाकीतलं पाणी कोमट राहिलं तर लिजिओनेला जंतूंची भीती असते.

महागडं यंत्र घेताना त्याचा सर्व्हर किती वर्षं चालेल हेही बघा. गूगलनं 25 ऑक्टोबर 2025 ला नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचा सपोर्ट थांबवला. भिंतीवर ते चालतात, मोबाईलवरून नाही.

हीट पंप (बाहेरची उष्णता घरात ओढून आणणारं विजेवरचं यंत्र) घेणार असाल तर यातलं अर्धं विसरा. तो मंद आणि सलग चालवायचा असतो. ॲपवरून सारखा चालू-बंद केलात तर वीजबिल वाढेल आणि घर गारच राहील.