कोरसची जागा ट्रम्पेटने घेतली : ओटिस रेडिंग यांची 'ओटिस ब्लू'

आपल्या शाळेच्या संगीताच्या तासाला ऐकण्याची एक शिस्त लावली गेली. ठेका कोण धरतो, गायक श्वास कुठे घेतो आणि ओळ संपल्यावर उरलेली जागा कोण भरतो, हे आधी ऐकायचे. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आवडीच्या विषयावर लिहायला सांगितले, तेव्हा या तिसऱ्या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर देणारी रेकॉर्डच निवडली. सोल म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या वळणाचे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे गाणे; त्यातले गायक ओटिस रेडिंग यांची ही 'ओटिस ब्लू' १९६५ च्या सप्टेंबरात निघाली.

रेडिंग यांचा जन्म १९४१ चा, जॉर्जिया राज्यातल्या डॉसनचा. ते वाढले मेकन शहरात. त्याच शहराच्या लिटल रिचर्ड यांचा खरखरीत जोर आणि सॅम कुक यांची गोलाई, दोन्ही त्यांच्या गळ्यात उतरली. १९६२ मध्ये ते मेम्फिसच्या स्टॅक्स स्टुडिओत गेले ते गिटारवादक जॉनी जेंकिन्स यांना गाडीतून घेऊन. ध्वनिमुद्रण जेंकिन्स यांचे होते. शेवटी थोडा वेळ उरला आणि रेडिंग यांना दोन गाणी गाऊ दिली. त्यांतले 'दीज आर्म्स ऑफ माइन' चालले आणि कारकीर्द सुरू झाली.

स्टॅक्स म्हणजे मॅकलेमोर ॲव्हेन्यूवरचे एक जुने सिनेमागृह. खुर्च्या काढल्या तरी पडद्याकडे उतरत जाणारी जमीन तशीच राहिली आणि नियंत्रणकक्ष रंगमंचाच्या जागी बसवला. तिरक्या जमिनीमुळे त्या खोलीचा घुमारा वेगळा होता, तो या रेकॉर्डवर स्पष्ट ऐकू येतो. वादक एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवत. एक जण चुकला की सगळ्यांनी पुन्हा सुरुवात करायची.

बहुतेक गाणी ९ आणि १० जुलै १९६५ या दोन दिवसांत, अवघ्या चोवीस तासांच्या आसपास मुद्रित झाली. मधे रात्री काम थांबले, कारण वादकांना क्लबमध्ये वाजवायला जायचे होते. गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, बासवर डोनाल्ड 'डक' डन, ड्रमवर अल जॅक्सन. जॅक्सन दुसरी आणि चौथी मात्रा किंचित मागे खेचतात आणि क्रॉपर त्यांच्याबरोबर त्याच क्षणी तार छेडतात. एवढ्याशा उशिरामुळेच गाण्याला वजन येते. नकल करणारे वाद्यवृंद नेमके इथे घाई करतात आणि गाणे हलके पडते.

पण खरी गंमत पितळी वाद्यांची. दोन ट्रम्पेट आणि दोन सॅक्सोफोन, बस्स. त्यांच्या ओळी रेडिंग स्वतः तोंडाने गाऊन वादकांना शिकवत, म्हणून त्या वाद्यांना गळ्याची लय आहे. 'माय गर्ल' मूळ टेम्प्टेशन्स या गायकसमूहाचे, सामूहिक गायनावर उभे. इथे ते काम वाद्ये करतात. सॅम कुक यांच्या 'अ चेंज इज गॉना कम'मध्ये व्हायोलिनांचा मोठा ताफा होता. तो काढून रेडिंग यांनी हेच चौघे ठेवले आणि गाणे अधिक उघडे, अधिक दुखरे झाले. कुक डिसेंबर १९६४ मध्ये गेले होते. रेकॉर्डवर त्यांची तीन गाणी आहेत, आणि हे त्यांतले सर्वांत मोलाचे. 'सॅटिस्फॅक्शन'ची सुरुवातीची गिटारची ओळ रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यांच्या मनात मुळात पितळी वाद्यांसाठीच होती. रेडिंग यांनी ती वाद्यांना दिली आणि ती तिथेच शोभते.

'रिस्पेक्ट' रेडिंग यांनी स्वतः लिहिलेले. १९६७ मध्ये अरीथा फ्रँकलिन यांनी ते स्त्रीच्या तोंडी घातले, एकेक अक्षर सुटे म्हणण्याची जागा जोडली आणि ते जगभर पोचले. दोन्ही पाठोपाठ ऐकावीत, आधी रेडिंग यांचे.

आता रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांसाठी. मोनो प्रत, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत असलेली, शोधा. 'आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग' हे जेरी बटलर यांच्याबरोबर रचलेले गाणे एप्रिलमध्ये मोनोत मुद्रित झाले होते. डावा-उजवा आवाज वेगळा असलेल्या स्टीरिओ प्रतीसाठी ते पुन्हा गायले गेले. एप्रिलचे गाणे कितीतरी सरस आहे. संथ ठेक्याच्या प्रत्येक मात्रेचे तीन भाग मोजत ऐका, म्हणजे शेवटी वाद्ये पायरीपायरीने कशी चढतात आणि आवाज त्यांच्याही वर कसा जातो ते उमगेल.

नेमके हेच गाणे पहिल्या बाजूच्या शेवटी आहे, आणि घोटाळा तिथेच होतो. तबकडी एकाच गतीने फिरते, पण आतल्या वर्तुळाचा घेर लहान, त्यामुळे सुईखालून खाचेचा वेग जवळपास निम्म्यावर येतो. तेवढ्याच वेळेचा आवाज कमी लांबीत दाटतो, आणि ट्रम्पेट चढले की सुई फरफटते, आवाज फाटतो. त्यावर उपाय असा : लंबगोल टोकाची सुई वापरा, आणि तिचा भार निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ ठेवा, बहुतेक सुयांना २ ग्रॅमच्या आसपास. खाच वाचावी म्हणून भार कमी करणारे उलट ती बिघडवतात, कारण हलकी सुई उड्या मारत भिंती खरवडते. ॲम्प्लिफायरला मोनोचे बटण असेल तर दाबा, बरीच खरखर जाते.

रेडिंग १० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिनमधल्या मोनोना तलावात विमान कोसळून गेले, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. काही दिवसांपूर्वीच मुद्रित केलेले 'डॉक ऑफ द बे' पुढच्या वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. त्यातले लाटांचे आवाज क्रॉपर यांनी नंतर मिसळले. त्या गाण्यावरून रेडिंग यांची ओळख झालेल्यांनी पुढची पायरी म्हणून 'ओटिस ब्लू'ची पहिली बाजू लावावी, आणि मधली गाणी न वगळता शेवटपर्यंत ऐकावी.