जुना वजनकाट्याचा प्रोग्राम नवीन लिनक्सवर: माझा अनुभव

अंधेरी एमआयडीसीत आमच्या पॅकिंग लाइनवर काट्याचं वजन वाचून लेबल छापणारा एक प्रोग्राम आहे, सेंटओएस ५ या जुन्या लिनक्सवर वर्षानुवर्षं चाललेला. पीसीने मान टाकली म्हणून नवीन लिनक्सवर टाकला. इन्स्टॉल सहज झालं, एरर काही नाही, पण पहिलं वजन आलं आणि स्क्रीनवर तेच चिकटून बसलं.

सोर्स कोड आमच्याकडे नाही, त्यामुळे व्हेंडरच्या सपोर्टला फोन. आधी एएमसी (वार्षिक देखभाल करार) रिन्यू करा मग तिकीट उघडू. केली रिन्यू. मग म्हणे केबल बदला. बदलली. मग "सर ओएसचा प्रॉब्लेम आहे, जुनीच टाका". अहो, सेंटओएस ५ चे अपडेट २०१७ मध्येच बंद झालेत! ओएसच्या सपोर्टवाला म्हणतो ॲपचा प्रॉब्लेम. इकडे लाइनवरची पोरं हाताने वजनं लिहितायत आणि साहेब दर तासाला माझ्या टेबलापाशी.

शेवटी मीच एस्ट्रेस, म्हणजे प्रोग्राम कर्नलकडे (ओएसच्या गाभ्याकडे) काय मागतो आणि काय उत्तर येतं ते दाखवणारं टूल, लावलं (हे आधी करा, फोन नंतर) आणि एका मिनिटात दिसलं. प्रोग्राम दीड सेकंदाचा टायमर लावताना सेटआयटायमर या कर्नल कॉलला मायक्रोसेकंदाच्या खान्यात १५,००,००० देत होता, तिथे ९,९९,९९९ च्या वर चालत नाही, म्हणून कर्नल 'इनव्हॅलिड अर्ग्युमेंट' म्हणून परत पाठवत होतं आणि प्रोग्राम ते उत्तर बघतच नव्हता. टायमर लागतच नव्हता, म्हणून वजन चिकटलेलं. २.६.२१ आवृत्तीपर्यंत कर्नल स्वतःच जास्तीच्या मायक्रोसेकंदांचे सेकंद करून घ्यायचं, २.६.२२ पासून म्हणजे २००७ पासून एरर. पॉझिक्स या युनिक्सच्या मानकाप्रमाणे एररच बरोबर, मॅन पेजवर (लिनक्सच्या माहितीपानावर) लिहिलंय पण. सेंटओएस ५ चं कर्नल २.६.१८, म्हणून तिथे खपून गेलं.

व्हेंडरला स्क्रीनशॉट पाठवला तर "म्हणजे लिनक्सनेच मोडलं ना". अर्धं पटतं मला. कडक व्हायचं तर पहिल्या दिवसापासून व्हा. फाइल उघडणारा ओपन कॉल अनोळखी फ्लॅग (पर्याय) आजही गपचूप सोडून देतो, आता अडवलं तर जुने प्रोग्राम पडतील म्हणून, आणि त्यासाठी कर्नल ५.६ मध्ये ओपनॲट२ हा वेगळाच कॉल आणला, तो सुरुवातीपासून अडवतो. पण रिटर्न व्हॅल्यू (कॉलचं उत्तर) न बघणाऱ्याने कर्नलला नावं ठेवू नयेत.

उपाय: छोटी लायब्ररी लिहून एलडी प्रीलोडने (आपली लायब्ररी इतरांच्या आधी लोड करायची सोय) सेटआयटायमर मध्येच पकडला, आकडा सरळ करून पुढे पाठवला. प्रोग्राम ३२ बिटचा असेल तर लायब्ररीही ३२ बिटमध्येच कंपाइल करा, आणि प्रोग्राम स्टॅटिक लिंक (लायब्ररी आतच भरलेल्या) असेल तर ही युक्ती चालणार नाही. प्रीलोडची ओळ स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये टाका, नाहीतर रीस्टार्टनंतर वजन परत चिकटेल.

तिकीट व्हेंडरने बंद केलं, शेरा "केबल बदलून सुटले".